उजवी कळी

सोमा भोपी पहिल्यांदा माझ्या नजरेत आला, तेव्हा तो देवीकडे पाठ करून उभा होता.

बदलापूरहून चामटोलीकडे जाणारा रस्ता सोडून नदीच्या अंगाला उतरलं की थोड्याशा घरांचा एक पाडा लागतो. सगळे त्याला खालचा पाडा म्हणतात. निवृत्त झाल्यावर मी रविवारी सकाळी तिथल्या मुलांना वाचायला शिकवायला जाऊ लागले. वर्ग भरायचा गावदेवीच्या देवळाच्या ओट्यावर. देऊळ म्हणजे एक बसकी खोली आणि वर पत्रा. भोवती करंजाची आणि आंब्याची जुनी झाडं इतकी दाट, की भर दुपारीही आतला दिवा बाहेरून पिवळा दिसतो.

त्या दिवशी मुलं गेल्यावर मी नळापर्यंत गेले आणि चष्म्याचं घर विसरल्याचं लक्षात येऊन परत फिरले. आत पाहिलं तर देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला तो उभा दगड, जागेवर दिसेना. त्याच्या जागी एक माणूस. सावकाश लक्षात आलं, की दगड आहे तिथेच आहे आणि म्हातारा त्याला जवळजवळ पाठ टेकवून, दाराकडे तोंड करून उभा आहे. डोळे मिटलेले. दोन्ही हात अंगापासून जरा लांब. त्याने आधी एक हात उचलून स्वतःच्या खांद्याला लावला, मग दुसरा. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दगडाने माणसाचं सोंग घेतलं तर तो असाच उभा राहील, असं मला वाटून गेलं.

"कोण, बाई का?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"हो. चष्म्याचं घर राहिलं."

"तुमी शाळेतल्या. एक सांगा. समोरच्या माणसाचा उजवा खांदा आपल्या कुठल्या हाताला येतो?"

"डाव्या."

"आन चूक होते का माणसाची त्यात?"

"मुलांची नेहमी होते," मी म्हटलं. "म्हणून कवायत शिकवताना 'उजवा हात वर' म्हणायचं आणि आपण डावा वर करायचा. नाहीतर अख्खा वर्ग चुकतो."

त्याने डोळे उघडले. उपाशी माणसाने ताटाकडे पाहावं तसा तो माझ्याकडे पाहत होता. "होते ना चूक," तो म्हणाला. "तुमीच सांगतलं हां. ध्यानात ठेवा." आणि तो माझ्या अंगावरून बाहेर पडून झाडीत गेला.

त्याला त्या उत्तराची एवढी गरज का होती, ते मला पाड्याने थोडं थोडं सांगितलं.

आमच्या या भागात देवीला कौल लावतात. देवीची पूजा ज्या घराकडे असते, त्या घरच्या माणसाला भोपी म्हणतात. भोपी कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. उजवी म्हणजे देवीची उजवी, आपली नव्हे. लग्न, विहीर, गुराचं आजारपण, सगळं या कळ्यांना विचारलं जाई. खालच्या पाड्याचा एक प्रश्न तर ठरलेलाच होता. नदी चढू लागली की सोमाने देवीला विचारायचं: पाड्यात राहायचं असेल तर उजवी दे, उठायचं असेल तर डावी दे. मग एकाच कौलावर सगळा पाडा राहायचा किंवा सगळा पाडा उठायचा. सोमाच्या बापाने हेच केलं, आज्याने हेच केलं.

मी पाड्यात जाऊ लागण्याच्या आदल्या जुलैत नदी अशीच चढली. सकाळची वेळ होती. माणसं देवळाबाहेर पावसात उभी होती, त्यांत पुढे दोन लेकरांचा बाप कैलास. आत एकटा सोमा. दार लहान, आत अंधार, कळ्या कोणालाच दिसत नव्हत्या. सोमा बाहेर आला आणि म्हणाला, "उजवी. राहा."

पाडा राहिला. दुपारच्या आत पाणी घराघरात गुडघ्यापर्यंत आलं आणि थांबलं. पण कैलासचं घर सगळ्यात खाली. त्याची नदीकडची भिंत बसली. कैलासच्या बायकोच्या, द्रौपदीच्या, कडेवर तान्ही पायल होती आणि दुसऱ्या हातात पहिलीतल्या सोनूचा हात. भिंत बसली तेव्हा तो हात सुटला.

सोनू सापडला नाही. बदलापूरपासून पार खाली कल्याणच्या खाडीपर्यंत माणसं बघून आली. इतर कोणाला खरचटलंही नव्हतं.

द्रौपदी माझी विद्यार्थिनी. शाळेत असताना दुसऱ्या बाकावर बसायची. उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही. विचारलं की मात्र अचूक सांगायची. तिने मला एकदाच, एका दमात, त्या दिवसाचं सगळं सांगितलं. "मी गाठोडं बांधून ठेवलेलं, बाई. हे म्हणाले, थांब, विचारून येतो. आले आन म्हणाले, देवीनं राहा म्हटलंय. मी गाठोडं सोडलं. सोनूचा शर्ट परत खुंटीला लावला."

दिवसकार्य झालं त्या दिवशी पाडा ओट्यावर जमला होता. दिनानाथ हा पाड्यातला पुढारी माणूस, मनाने वाईट नाही. त्याला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं. तो म्हणाला, "देवीनं एक घेतला आन पाडा राखला. पोर देवीचं झालं असं समजा."

द्रौपदी उठली. कोणाला वाटलं घरी जाते आहे. ती घरामागून पहार घेऊन आली आणि देवळाच्या पायऱ्या चढू लागली. पायल तिच्या खांद्याशी बांधलेली तशीच. बायका जागच्या हलल्या नाहीत, कैलासही नाही. तिच्या तोंडाकडे बघून कोणाची हिंमत झाली नाही, असं मला नंतर तिघीचौघींनी सांगितलं.

तेव्हा सोमा दारात आडवा झाला. "तिनं नाय घेतला," तो म्हणाला. "ती उठा म्हणाली होती. डावी पडली होती. पाण्याच्या आवाजानं मी घाबरलो आन माझ्या हाताची उजवी ती उजवी धरली. चूक माझी हाय. तिला मारू नको, मला मार."

पहार खाली पडली. द्रौपदी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग त्याच्या तोंडावर थुंकली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने देवीपुढे दिवा लावला.

त्या दिवसापासून सोमाची पूजा गेली. किल्ली दिनानाथकडे आली. सोमाच्या घरचं पाणी कोणी पिईना, लग्नाकार्यात त्याला आणि त्याच्या बायकोला, वेणूबाईला, बोलावणं होईना. वाटेत तो दिसला की द्रौपदी थुंकायची. पण ती जगत होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून जीन्सचे गठ्ठे टेम्पोने पाड्यात येतात. शिवणीचे सुटे धागे कापायचं काम बायका घरी करतात. द्रौपदी दिवसभर तेच करायची. तिची बोटं निळी, नखं निळी, पायलच्या केसांत निळा भुसा. दर मंगळवारी ती देवीला फूल वाहायची. आपलं पोर वाचवायला देवी बोलली होती, एका म्हाताऱ्याला ते ऐकू आलं नाही, एवढ्यावर ती उभी होती.

देवळात मात्र काही ठीक नव्हतं. हे मी देवभोळेपणाने लिहीत नाही. पुरात देवीचे चांदीचे डोळे वाहून गेले होते. दिनानाथने कॅम्प तीनमधल्या दुकानातून नवे आणले. दुकानदाराकडे त्या मापाचे नव्हते, म्हणून जरा मोठे घेतले. तेव्हापासून बायका आत फार वेळ थांबेनात. "आधी ती बघायची," एक म्हातारी म्हणाली, "आता टक लावते." मुलं ओट्यावर दाराकडे पाठ करून बसायला तयार नसत.

आणि त्या कळ्या.

पूर आल्यापासून पाड्यात कौल लागला नव्हता. लावायचं धाडस दिनानाथमध्ये नव्हतं. तरी एका रविवारी मी डोकावले तर देवीच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीच्या कळ्या होत्या. पुढच्या रविवारीही त्याच. सुकून काळपट, सुरकुतलेल्या. थेंबभर पाण्याने चिकटवलेली कळी पाणी सुकलं की पडायला हवी. मी घंटा वाजवली. दार जरा जोरात लोटलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि बाहेर आले.

"मी काढून टाकतो, बाई," दिनानाथ खालच्या आवाजात म्हणाला. "ओढून काढाव्या लागतात. चार दिवसांनी परत असतात. किल्ली माझ्या कमरेला असते."

किल्लीचं उत्तर सोपं निघालं. मागच्या बाजूचा पत्रा सोमाच्या बापानेच ठोकला होता आणि तो कुठून सरकतो, हे सोमाला ठाऊक होतं. कळ्या का पडत नाहीत, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मी सोमाच्या घरी जाऊ लागले. कोणी जात नाही म्हणूनच गेले असेन. वेणूबाई उंच, काटकुळी, जिभेची तिखट. पहिल्याच दिवशी तिने मला चहा दिला आणि कप हातात घेईपर्यंत माझ्याकडे रोखून बघत राहिली. मी प्यायले तेव्हा ती खाली बसली.

"बाई, तुमच्या शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराला काय करायच्या तुमी?" तिने विचारलं.

"वेणू," सोमा म्हणाला.

"काय वेणू? पोटापाण्याचं गेलं, माणसांतनं उठलो. आन हा देवीचा वकील. तिनं वकीलपत्र दिलं नाय, फी दिली नाय, हा आपला लढतोय."

"वेणू, गप."

"नाय गप बसत. चाळीस वरसं या माणसाच्या ताटात डावीकडं मीठ वाढतेय मी. एकदा उजवीकडं वाढलं तर जेवला नाय. आन हा म्हणतो डावं-उजवं कळलं नाय."

सोमा उठून मागच्या दारी गेला. मीही गेले. नदी तिथून दिसत नाही, ऐकू येते. उन्हाळ्यातही तिचा आवाज पाण्याचा वाटत नाही. पलीकडच्या खोलीत कोणीतरी सामान सरकवतंय असा येतो. मी न विचारताच तो बोलू लागला.

"उजवीच पडली होती, बाई. तिची उजवी. कळी लावली आन हात मागं घेतला, तोवर पडली. कवा एवढ्या लवकर पडत नाय."

"मग का सांगितलंत तसं?"

"ती पहार घेऊन आलेली. दगड फोडला असता तर फोडू दे, दुसरा दगड आणला असता. पण मग पुढं काय? पोरीला कडेवर घेऊन ज्या घरात राहायचं, ज्या नदीचं पाणी भरायचं, तिथं डोक्यावर असलेलीनंच आपलं पोर खाल्लं, हे मनात धरून बाई जगते का? नदीत गेली असती ती, पोरीसकट. माणूस चुकला म्हटल्यावर जगता येतं. माणसावर थुंकता येतं."

"आणि तुम्ही?" मी विचारलं. "तुम्हाला तर ठाऊक आहे ती काय म्हणाली ते."

त्याने नदीच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"मला ठाव हाय," तो म्हणाला. "म्हणून तर जातो पत्रा सरकवून. कौलात 'का' विचारता येत नाय, बाई. हो का नाय एवढंच विचारता येतं. 'का'ला दोन कळ्या पुरत नाय. मग मी फोडून फोडून विचारतो. तुला ठाव होतं का, भिंत बसणार? ठाव असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. ठाव नव्हतं म्हणाली तरी मला चालेल. मग ती आपल्यासारखीच बिचारी, इतकंच होईल. पण ती काहीच देत नाय. कळ्या सुकतात आन तिथंच राहतात. मी बघतो, ती बघते. ते नवे डोळे."

मग त्याने अगदी हळू आवाजात आणखी एक गोष्ट सांगितली. "कवा कवा तिच्या जागी उभा राहतो. तिथनं काय दिसतं ते बघायला. दार दिसतं, दारातली माणसं दिसतात. नदी दिसत नाय, बाई. देऊळ बांधणाऱ्यानं तोंडच उलटीकडं केलंय."

हे त्याच्याकडून मी सांत्वन म्हणून ऐकलं, की त्याहून भयंकर काही म्हणून, ते मला सांगता येणार नाही. घरी जाताना शेअर रिक्षात मी सगळा वेळ मागे वळून पाहत होते.

अशी वर्षं गेली. पायल मोठी झाली, माझ्याकडे अक्षरं गिरवू लागली. चुणचुणीत पोर. आईसारखीच, विचारल्याशिवाय बोलायची नाही.

गेल्या जुलैत एका सकाळी द्रौपदी माझ्या बदलापूरच्या घरी आली. एवढ्या वर्षांत ती कधी आली नव्हती. भिजलेली होती, छत्री हातात मिटलेली. टॉवेल दिला तो तिने मांडीवर तसाच घडी घालून ठेवला.

"बाई, पायल खेळत होती काल. आमच्या ओट्यावर. मी धागे कापत बसलेली, ती माझ्यासमोर उभी राहिली. पाण्यात पानं बुडवली आन माझ्या दोन खांद्यांना लावली. मी म्हटलं, काय ग हे? तर म्हणते, थांब, हलू नको."

"कोणी शिकवलं तिला?"

"तेच तर. पाड्यात कोण लावतंय कौल? तिनं कधी बघितलाच नाय. ती तान्ही होती. पोरंही खेळत नाय तसं. मी विचारलं तर म्हणते, असंच." द्रौपदीने टॉवेलची घडी सरळ केली. "एक पान पडलं. ती म्हणाली, उजवं पडलं, राहायचं. मी म्हटलं, कुठलं उजवं? तिनं माझ्या ह्या खांद्याला बोट लावलं. हा, म्हणे. तुझा उजवा."

तिने स्वतःच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. निळ्या बोटांचे ठसे ओल्या पदरावर उमटले.

"बाई, पाच वरसांच्या पोरीला समोरच्याचा उजवा खांदा कळतो. सोमाकाका बापाच्या मांडीवर बसल्यापासून कळ्या बघतोय. त्याला कळला नाय?"

मी गप्प राहिले. सोमाचं गुपित माझं नव्हतं. पण गप्प राहणं हेही बोलणंच असतं, आणि द्रौपदी शाळेपासून माझं गप्प राहणं चांगलं ओळखते.

"म्हणजे तिनंच राहा म्हटलं," ती म्हणाली. "इतकी वरसं मी तिला फुलं घालतेय. बाई, शाळेत आपण प्रार्थना म्हणायचो. तो सगळ्यांचा सांभाळ करतो. सगळ्यांचा म्हणजे किती जणांचा? एक वगळून?"

ती उठली. "चला माझ्याबरोबर. मला काकाच्या तोंडून ऐकायचंय, तिच्यासमोर. मग मी ठरवीन या पाड्यात राहायचं की नाय." छत्री उचलत ती म्हणाली, "कुठंच राहायचं की नाय." ते दुसरं वाक्य ऐकून मी चपला घातल्या.

आम्ही पोचलो तेव्हा नदी चढत होती. चिखलाच्या रंगाचं पाणी करंजांच्या मुळांशी आलं होतं. देवळासमोर माणसं जमत होती. छत्र्या, प्लास्टिकचे कागद. दिनानाथ किल्ली हातात घेऊन दाराशी उभा होता आणि दार उघडत नव्हता. सगळ्यांना विचारायचं होतं आणि विचारायचं कसं, हे कोणाला कळत नव्हतं. सोमा झाडाखाली लांब उभा होता. कैलास पायलला खांद्यावर घेऊन पुढेच, त्याच जागी.

द्रौपदीने सोमाचा हात धरला. इतक्या वर्षांत ती त्याला शिवली नव्हती. माणसं बाजूला झाली. "दार उघडा, भाऊ," ती दिनानाथला म्हणाली. आत आम्ही तिघंच गेलो. मी उंबऱ्याशी थांबले. खांद्यांवर या वेळी कळ्या नव्हत्या. ते मोठे डोळे दिव्यात ओले दिसत होते.

"काका, उजवी पडली होती ना?"

"डावी," सोमा म्हणाला.

"तिच्याकडं बघून सांगा."

तो बघेना. पावसात पत्रा वाजत होता आणि त्याखालून नदीचा तो सामान सरकवल्यासारखा आवाज येत होता.

"मग लावा कौल," द्रौपदी म्हणाली. "मी प्रश्न घालते. तुमी हात लावा. बोलायचं काय नाय तुमी." तिने पदराच्या गाठीतून कण्हेरीच्या दोन कळ्या काढल्या. येतानाच तोडल्या असाव्यात.

सोमाने कळ्या पाण्यात बुडवल्या, एक देवीच्या उजव्या खांद्यावर लावली, एक डाव्या. मग मागे सरकला.

द्रौपदी दगडाच्या अगदी जवळ गेली. "तू राहा म्हणाली होतीस का? म्हणाली असशील तर उजवी दे. नसशील तर डावी दे."

आम्ही बघत राहिलो. बाहेरचे आवाज हळूहळू लांब गेल्यासारखे झाले. दिव्याची वात हलत नव्हती. मला अगदी स्पष्ट वाटलं, की त्या खोलीत आम्ही तिघं नाही, आणखी कोणीतरी आहे आणि तेही कळ्यांकडेच बघतंय. दगडाकडून नव्हे. आमच्या बाजूने. आमच्या खालून, साधारण माझ्या कमरेच्या उंचीवरून, जिथे पहिलीतल्या मुलाचे डोळे असतात. मी खाली पाहिलं नाही.

उजवी कळी हलली. देठाकडून सुटली आणि खाली कललेली तशीच राहिली, एका टोकावर.

द्रौपदीने हात पुढे केला आणि दोन्ही कळ्या ओढून काढल्या.

सोमाच्या तोंडून आवाज निघाला. कौल लागलेला असताना कळीला हात लावायचा नसतो. भोपीसुद्धा लावत नाही. कोणी लावल्याचं पाड्यात कोणाला आठवत नाही. दगडाच्या दोन्ही खांद्यांवर शेंदरात निळी बोटं उठली होती.

"नको सांगूस," द्रौपदी देवीला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. हट्टी पोराशी बोलावं तसा होता. "तू हो म्हणालीस तरी मला घरी जाऊन भाकरीच थापायचीय. नाय म्हणालीस तरी तेच. सोनू दोन्हीकडं नाय. तुझं तुला ठेव."

मग ती सोमाकडे वळली. "काका, थुंकायला माणूस दिलात. इतकी वरसं पुरला. आता बास."

सोमा खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडला. तिने त्याला उठवलं नाही, पण तो उठेपर्यंत थांबली.

बाहेर माणसं तशीच उभी होती. कैलासने विचारलं, त्या दिवशी विचारलं असेल तसंच, "काय म्हणाली?"

"विचारलंच नाय," द्रौपदी म्हणाली. "उठा."

"विचारलंच नाय?" दिनानाथ म्हणाला. "मग उठायचं का राहायचं, कोणाच्या सांगण्यावर?"

"माझ्या," ती म्हणाली. "आन ह्यांच्या. काका, सांगा."

सोमाने डोळे पुसले. नदीकडे पाहिलं, झाडांच्या मुळांशी आलेल्या पाण्याकडे पाहिलं. "उठा," तो म्हणाला.

पाडा उठला. म्हशी, गठ्ठे, गॅसच्या टाक्या घेऊन सगळी वरच्या रस्त्यावरच्या शाळेत गेली. जीन्सचा एक गठ्ठा भिजला म्हणून दोघी भांडल्या. वेणूबाईने सगळ्यांसाठी चहा केला आणि सगळ्यांनी प्यायला. कपाकडे बघत ती म्हणाली, "वकिलाची फी मिळाली म्हणायची."

त्या दिवशी पाणी देवळाच्या ओट्यापर्यंत आलं आणि संध्याकाळी उतरलं. कोणाच्या घरात शिरलं नाही. दिनानाथ पुढे आठवडाभर म्हणत होता, की उगाच धावपळ झाली, देवीला विचारलं असतं तर राहाच म्हणाली असती. असेलही तसं.

मी त्यानंतर बरेचदा विचार केला. ज्या देवाला आपण आई म्हणतो, तिने एका पोराला का जाऊ दिलं, याचं उत्तर सोमाला मिळालं नाही, द्रौपदीला मिळालं नाही आणि शाळेत आयुष्यभर प्रार्थना म्हणवून घेतलेल्या मला तर नाहीच. ती कळी पडणार होती का, हेही मला सांगता येत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की सोमाने देवीची लाज राखण्यासाठी स्वतःची घालवली, आणि देवीने हो किंवा नाही म्हणून ती त्याला परत दिली नाही. परत दिली ती द्रौपदीने.

पायलने तो खेळ पुन्हा खेळला नाही. कुठून शिकलीस, असं मी तिला एकदा वर्गात विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि पाटीवर 'र' काढत राहिली. मी परत विचारलं नाही.

सोमाकडे पूजा पुन्हा आली आहे. रोज सकाळी तो देवीला आंघोळ घालतो, शेंदूर लावतो, दिवा लावतो. कौल मात्र लावत नाही. कोणी फार आग्रह केला तर त्याला दुसऱ्या गावचा देव सांगतो. पावसात नदी करंजांच्या मुळांशी आली की तो काठी घेऊन खाली जातो आणि एकेका घराचं दार वाजवून, उठा म्हणतो.